सात नंबरचे तीन सेकंद

माझं काम ऐकायला इतकं सोपं होतं की सासूबाईंना ते काम वाटतच नव्हतं. ज्या खेळाडूला हिरवं कार्ड मिळेल तिला टेबलाशेजारच्या खुर्चीवर एक मिनिट बसवून ठेवायचं आणि मिनिट संपलं की परत आत सोडायचं.

"म्हणजे शाळेत पोरांना कोपऱ्यात उभं करतात तसं," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्यासाठी आठ दिवस घरातलं सगळं सोडायचं?"

पण हे म्हणता म्हणता ठमीची पिशवी त्यांनीच भरली. दोन बाटल्या, चार लंगोट, टोपरं, आणि ती जिच्याशिवाय झोपत नाही ती फाटकी चादर. ठमी माझी मुलगी, अकरा महिन्यांची. सामने चालू असताना त्या दोघी वरच्या गॅलरीत बसणार आणि मी खाली टेबलाशी, असं ठरलं होतं.

इनडोअर हॉकी ज्यांनी पाहिली नाही त्यांना एक मिनिट म्हणजे काय ते सांगायला हवं. मैदानावर अकराजणी असतात, एक बाहेर गेली तरी दहा उरतात. इथे बंद हॉल, लाकडी जमीन, आणि एका बाजूला सहाचजणी, त्यातली एक गोलरक्षक. कडेला रेषेऐवजी घोट्याएवढ्या उंचीच्या लाकडी फळ्या, चेंडू त्यांवर आपटून परत येतो, खेळ थांबतच नाही. चेंडू फक्त ढकलायचा, ठोकायचा नाही. ठोकला की कार्ड. एक बाहेर बसली की हॉलच्या एका कोपऱ्याला वालीच उरत नाही. त्या एका मिनिटात सामने फिरतात.

हे मला माहीत होतं, कारण त्याच जमिनीवर मी सहा वर्षं खेळले होते. ठमी पोटात आली तेव्हा स्टिक माळ्यावर गेली. मग या स्पर्धेसाठी माणसं हवी होती, सात देशांच्या महिला संघांची स्पर्धा, आणि टेबलप्रमुख होत्या आमच्या गणिताच्या बाई. शाळेत गणित शिकवतात म्हणून सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांनी माझं नाव सुचवलं. आयोजकांपैकी एकानं तोंडावरच विचारलं होतं, "लेकुरवाळी आहे, तिचं लक्ष राहील का?" बाई म्हणाल्या होत्या, "तिच्याइतकं लक्ष मी माणसात पाहिलेलं नाही."

ते खरं होतं. तीच तर पंचाईत होती.

मी गॅस बंद केला की परत जाऊन बघते. कुलूप ओढून बघते, मग जिना उतरून पुन्हा चढून ओढते. घरात दोन थर्मामीटर आहेत, आणि दोन्हींत फरक आला तर जास्त ताप दाखवणाऱ्यावर माझा विश्वास. नवरा म्हणतो, "हिच्या हाती कॅलेंडर दिलं तर प्रत्येक तारीख दोनदा येईल." मी हसते. पण ठमी झोपलेली असताना तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजणारी मीच असते, आणि मोजून झाला की पुन्हा मोजते.

टेबलाची पद्धत अशी. कार्ड दाखवलं गेलं की भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात किती वेळ उरलाय ते बघायचं, त्यातून एक मिनिट वजा करायचं आणि तो आकडा कागदावर लिहायचा. त्या आकड्याला खेळाडू सुटली. हातात एक स्टॉपवॉचही असतं, पण ते फक्त मोठं घड्याळ बंद पडलं तर. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, "कागद तो राजा. स्टॉपवॉच म्हणजे स्टेपनी. गाडी चालू असताना स्टेपनीवर बसून कोणी प्रवास करत नाही."

पहिले चार दिवस छान गेले. अकराजणी माझ्या शेजारी बसून गेल्या. कोणी पुटपुटत शिव्या घालायची, कोणी गटागटा पाणी प्यायची. एक गोरीपान, धिप्पाड बाई चक्क रडली. मिनिट संपायच्या आत उठलीस तर पिवळं कार्ड, आणखी शिक्षा, म्हणून बहुतेकजणी खुर्चीच्या काठावर पाय दाबून माझ्याकडेच बघत राहायच्या. माझा डावा हात आपोआप त्यांच्या गुडघ्यांपुढे आडवा जायचा. गाडीला ब्रेक लागला की शेजारच्या लेकरापुढे आईचा हात जातो, तसा. मी तो मुद्दाम ठेवत नव्हते. टेबलाला कापड लावलेलं असल्यामुळे तो कुणाला दिसतही नव्हता.

पाचव्या दिवशी आमच्या देशाच्या, पिवळ्या जर्सीतल्या संघाचा शेवटचा साखळी सामना निळ्या जर्सीवाल्यांशी होता. निळ्या दूरच्या छोट्या देशातून आलेल्या, चौदा पोरी आणि एक चष्मेवाला प्रशिक्षक. त्यांना उपांत्य फेरीत जायला बरोबरी पुरत होती. आमच्यांना जिंकायलाच हवं होतं. हॉल भरलेला, आणि भरलेला म्हणजे सगळा आमच्या बाजूचा.

शेवटची दोन मिनिटं. तीन-तीन. निळ्यांची सात नंबर, एकोणीस-वीस वर्षांची, काटकुळी, सबंध सामनाभर डाव्या फळ्यांजवळ भिंतीसारखी उभी होती. घाईत तिनं चेंडू ढकलण्याऐवजी ठोकला. पंचांनी हिरवं कार्ड काढलं. मोठ्या घड्याळात एक मिनिट पंचवीस सेकंद. मी कागदावर लिहिलं, पंचवीस. स्टॉपवॉच सुरू केलं. सात नंबर धापा टाकत येऊन बसली.

"किती?" तिनं विचारलं. आम्हा दोघींनाही परक्या अशा भाषेत आमचं बोलणं चाललं होतं.

"पंचवीस उरले की," मी घड्याळाकडे बोट दाखवलं.

अठ्ठावन्नवर चेंडू निळ्यांच्या गोलरक्षकाच्या पॅडमध्ये अडकला. पंचांनी खेळ थांबवला, मोठं घड्याळ थांबलं, मीही स्टॉपवॉच थांबवलं. मग पंचांनी हात खाली केला. खेळ सुरू. पण खरंच सुरू ना? मी पंचांकडे पाहिलं, मोठ्या घड्याळाकडे पाहिलं, आकडा बदलताना डोळ्यांनी पाहिला, आणि मग बटण दाबलं. तीन सेकंद गेले.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. कागद माझ्यासमोर होता.

एकोणतीस. अठ्ठावीस. निळ्यांचा प्रशिक्षक बाकावरून उठून उभा राहिला. सव्वीसला सात नंबर खुर्चीतून अर्धी उठली. पंचवीस झाले. मी हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं. तिथे अजून तीन सेकंद बाकी होते.

दोन घड्याळं, दोन वेळा. आणि माझ्या आत जे बसलेलं आहे ते म्हणालं, उशिराचं ते खरं. लवकर सोडली आणि चूक निघाली तर? माझा हात तिच्या गुडघ्यांपुढे होता तो तसाच राहिला, किंबहुना मी तो जरा दाबलाच.

"जा! जा!" प्रशिक्षक ओरडत होता. सात नंबरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही.

चोवीसला चेंडू डाव्या फळ्यांकडे आला, जिथे ती असायला हवी होती. तिथे कोणीच नव्हतं. आमच्या कर्णधारानं तो अडवलासुद्धा नाही, सरळ ढकलला. माझं स्टॉपवॉच वाजलं आणि चेंडू जाळ्यात गेला, दोन्ही एकदमच. मोठ्या घड्याळावर बावीस.

मी हात काढला. सात नंबर धावत आत गेली, पण आता धावून काय उपयोग होता?

चार-तीन. हॉल नाचत होता. मी कागदाकडे बघत होते. माझ्याच अक्षरात, ठळक, पंचवीस.

यानंतरची दहा मिनिटं मला लिहायला जड जातात. सामन्याच्या कागदावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्या की निकाल पक्का होतो, मग कोणाला काही म्हणता येत नाही. सह्या व्हायला दहा मिनिटं होती. बाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. मला फक्त 'बाई' एवढंच म्हणायचं होतं. पण मी काय केलं? मी पुन्हा तपासत बसले. कार्ड एक पंचवीसलाच होतं ना? की एक बावीसला? वजाबाकी बरोबर आहे ना? एक मिनिट पंचवीस सेकंदांतून एक मिनिट वजा करायला मी दहा मिनिटं घेतली. पाचवीतलं पोर ते दहा सेकंदांत करेल. मला उत्तर माहीत होतं. तपासणं हा बहाणा होता. निळ्यांच्या कर्णधारानं डोळे पुसत सही केली तेव्हा मी पेनाचं टोपण शोधत होते.

वर गॅलरीत सासूबाई ठमीचा हात धरून हलवत होत्या, आई बघ, आई बघ.

तासाभरानं दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांच्या याद्या आल्या. निळ्यांना आता पाचव्या-सहाव्या स्थानासाठी खेळायचं होतं. चौदातल्या कोण बाराजणी खेळणार, ती यादी प्रशिक्षकानं टेबलावर आणून ठेवायची आणि आम्ही ती सुवाच्य अक्षरात उतरवून भिंतीवर लावायची. चष्मेवाल्यानं कागद माझ्यासमोर ठेवला. सात नंबरवर दोन आडव्या रेघा होत्या, इतक्या जोरात मारलेल्या की कागद फाटला होता.

"सात नंबरला लागलंय का कुठे?" मी विचारलं.

"नाही. झोपते ती." त्यानं चष्मा काढून पुसला. "मी ओरडतोय जा, आणि ही खुर्चीत बसून राहिली. सगळ्या जगानं पाहिलं. पुढच्या महिन्यात आमची नवीन निवड आहे. त्यातही तिला घेणार नाही."

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? रडतेय."

तो गेला. मी यादी उतरवायला घेतली. एक, दोन, चार, पाच, सहा. सहा लिहून पेन थांबलं.

निळ्यांची उपांत्य फेरी गेली होती, ती मी गप्प बसून घालवली होती. ती आता कोणाच्या बापाला परत आणता येणार नव्हती. पण ही पोर अजून माझ्या हाताआड बसलेली होती.

मी वेळेचा कागद आणि ती यादी घेऊन बाईंकडे गेले. बाई चहात बिस्किट बुडवत होत्या.

"बाई, सात नंबरला मी तीन सेकंद उशिरा सोडलं."

बिस्किट चहात पडलं. बाईंनी ते चमच्यानं शोधायचा प्रयत्नही केला नाही. कागद घेतला, पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. स्टॉपवॉचचं, हाताचं, आणि त्या दहा मिनिटांचंही.

"सह्या झाल्यात," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"निकाल बदलत नाही. गोल रद्द होत नाही. मग आता सांगून तू काय करतेयस?"

मी फाटलेली यादी पुढे केली. बाईंनी ती वाचली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, शेऱ्यात लिहावं लागेल. कारण लिहावं लागेल. वर बाळ रडलं का तेव्हा? तुझं लक्ष तिकडे गेलं असेल. आई आहेस, समजून घेतील. मी लिहिते तसं."

बाईंचा हेतू चांगला होता. त्या मला दार उघडून देत होत्या, आणि क्षणभर मला वाटलं, जावं त्यातून. कोणी रागावलं नसतं. उलट दोघी-तिघींनी पाठीवर हात ठेवला असता.

"ठमी खेळत होती बाई," मी म्हणाले. "ती अख्ख्या सामन्यात रडलीच नाही. माझं लक्ष इथेच होतं. दोन घड्याळांवर होतं. कागदावर ठेवायला हवं होतं."

"अगं, पण असं लिहिलं तर तू टेबलावर परत बसत नाहीस. या स्पर्धेत तर नाहीच."

"आणि बाळ लिहिलं तर पुढच्या वेळी बाळ असलेल्या कुठल्याच बाईला बसवणार नाहीत. ते चालेल?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या फळ्यावर येऊन बरोबर गणित सोडवणाऱ्या पण वही हरवलेल्या मुलीकडे बघत असतील. "तुझी जीभ मात्र वेळेवर सुटते," त्या म्हणाल्या आणि लिहायला घेतलं. 'वेळ-अधिकाऱ्यानं लेखी वेळेऐवजी हातातल्या घड्याळाची वेळ धरली. खेळाडू क्रमांक सात हिला तीन सेकंद उशिरा सोडण्यात आलं. खेळाडूची चूक नाही.' खाली माझी सही.

निळ्यांची खोली बोळाच्या शेवटी होती. दारातच पॅड वाळत टाकलेले, घामाचा आणि मलमाचा वास. प्रशिक्षक एका बाकावर पिशव्या बांधत होता. सात नंबर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बुटाची नाडी सोडत होती, सुटलेली असूनही सोडत होती.

मी शेऱ्याच्या नकलेचा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला. चष्मा कपाळावर नेला आणि पुन्हा जवळून वाचला. मग वळून तिला हाक मारली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तिनं माझ्याकडे बोट केलं आणि स्वतःचा हात गुडघ्यांपुढे आडवा धरून दाखवला.

"का नाही सांगितलंस, असं विचारलं मी," तो मला म्हणाला. "ती म्हणते, तुम्ही हात आडवा धरला होता. तिला वाटलं तुमचंच बरोबर असणार, माझं चुकलं असणार."

मला वाटलं होतं मी तिला धाकात बसवून ठेवलं होतं. ती विश्वासानं बसली होती.

"उपांत्य फेरीचं काय?" त्यानं विचारलं. उत्तर त्याला माहीत असावं.

"नाही होणार. सह्या झाल्या."

"तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न कोणी विचारू नये अशी मी बोळभर प्रार्थना करत आले होते.

"गोल झाला तेव्हाच," मी म्हणाले.

"सह्यांच्या आधी."

"हो."

खोलीतल्या बाकीच्या पोरी हातातली कामं थांबवून बघत होत्या. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो ओरडेल असं वाटलं, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "यादी द्या."

मी यादी दिली. त्यानं तिच्यावर एक नवा कागद ठेवून पुन्हा सगळे आकडे लिहिले, एकापासून. सहाच्या खाली सात लिहिताना त्यानं वर पाहिलं नाही. सातच्या जागी आधी जिला घेतलं होतं आणि जिचं नाव आता गळलं ती मुलगी शेजारीच होती. तिनं ते पाहिलं आणि सात नंबरच्या डोक्यात टपली मारली. सात नंबर हसली नाही, पण नाडी सोडायची थांबली.

मी दारापर्यंत आले तेव्हा ती मागून आली. जवळून आणखीच लहान दिसत होती, हनुवटीवर मुरुमं, ओठ फुटलेला.

"तुम्ही सांगायला आलात," ती म्हणाली. पुढे काय म्हणायचं ते तिला त्या परक्या भाषेत जुळेना. शेवटी म्हणाली, "पण उशिरा."

"हो," मी म्हणाले. "उशिरा."

तिनं मान हलवली. माफ केलं असं नाही, पण आकडा बरोबर आहे असं. आणि आत गेली.

बाईंनी स्टॉपवॉच माझ्याकडून घेऊन ड्रॉवरमध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी कोणीतरी बसणार होती. मी यादी सुवाच्य अक्षरात उतरवली, एकदाच वाचली, आणि भिंतीवर लावून टाकली.

वर गेले तेव्हा सासूबाई ठमीला मांडीवर घेऊन रिकाम्या हॉलकडे बघत होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणतील, तीन सेकंदांचं काय एवढं.

"म्हणजे उद्या तुझं काम नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग तू ठमीला धर." त्यांनी तिला माझ्या मांडीत ठेवलं आणि पदर सारखा केला. "मी आज अख्खा सामना हिला खेळवण्यातच घालवला, गोल कुठला अन् कार्ड कुठलं. उद्या मला नीट बघायचंय. ती सात नंबर कुठल्या बाजूला उभी राहते म्हणालीस?"

"डाव्या," मी म्हणाले. "फळ्यांजवळ."

"मग या अंगालाच बसू. लवकर येऊ, जागा मिळायला हवी."